विश्लेषण : शुक्राणू शून्य आले, तर आधी शस्त्रक्रिया की रक्ततपासणी?

मूल होत नाही म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला राज्यभरातून जोडपी येतात. तीन दिवसांच्या त्या विधीत यजमान म्हणून नवरा पुढे बसतो. दवाखान्यात मात्र पहिली फाईल बायकोच्या नावाची निघते. तिची सोनोग्राफी, हार्मोन्सच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून तपासणी असे सगळे झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी कोणीतरी म्हणते, ‘अहो, यांचीही तपासणी करून घ्या.’ मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. त्या निम्म्यांतल्या एका गटात मूळ कारण जनुकांमध्ये दडलेले असते. ते शोधणारी रक्ताची तपासणी वेळेवर झाली तर एखादी निष्फळ शस्त्रक्रिया, एखादे महागडे उपचारचक्र आणि बायकोची हार्मोन्सची इंजेक्शने टळू शकतात. ही तपासणी कोणासाठी आहे आणि ती काय सांगते?

पुरुषाची तपासणी मागे का पडते?

याचे एक कारण भाषेतच आहे. ‘वांझोटी’ ही शिवी बाईसाठी घडली, पुरुषासाठी तिचा जोडशब्द मराठीत रुजलाच नाही. पुरुषाबद्दल बोलायची वेळ आली की थेट ‘नपुंसक’ हा शब्द येतो आणि तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. लैंगिक संबंध ठेवता येणे आणि वीर्यात शुक्राणू असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दाढी-मिशी, आवाज, शरीरसंबंध, वीर्याचे प्रमाण सगळे व्यवस्थित असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशयाच्या पिशव्या आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही. ‘माझ्यात काही दोष नाही, मला माहीत आहे’ असे नवरा छातीठोकपणे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, त्याला ते ठाऊक असणे शक्यच नसते.

वीर्यतपासणीचा अहवाल कसा वाचायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटर वीर्यात किमान १ कोटी ६० लाख आणि एकूण नमुन्यात किमान ३ कोटी ९० लाख शुक्राणू असावेत, ४२ टक्के हालचाल करणारे असावेत. या रेषेच्या खाली गेलेल्याला मूल होतच नाही आणि वर असलेल्याला होतेच, असे नाही. ही केवळ खालची मर्यादा. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवसांचा खंड लागतो आणि एका अहवालावर निष्कर्ष काढायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो, म्हणून दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला कडक तापही आजच्या अहवालात दिसू शकतो. ‘शून्य’ असा शेरा देण्यापूर्वी नमुना यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला भाग पुन्हा पाहायला हवा. दोन-चार शुक्राणू जरी दिसले तरी पुढचे चित्र बदलते.

आकडा कमी आला म्हणजे दोष जनुकांतच आहे, असेही नव्हे. अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेले आणि अंडकोषापर्यंत उतरलेले गालगुंड, तंबाखू, भट्टीजवळचे काम ही कारणे आहेतच. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूनिर्मिती थांबवतात, हे तर घेणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. नाशिक-निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या औषधांकडे बोट दाखवले जाते. तो संशय अगदीच निराधार नाही. डीबीसीपी या कीटकनाशकामुळे कॅलिफोर्नियातल्या कारखान्याचे कामगार वंध्य झाल्याचे १९७७ मध्ये उघड झाले होते. पण म्हणून प्रत्येक बागायतदाराचा कमी आकडा औषधाच्याच खात्यावर टाकणे बरोबर नाही. दुसरे कारण सापडत नाही आणि शुक्राणू एक तर शून्य किंवा मिलिलिटरमागे ५० लाखांहून कमी आहेत, तेव्हा जनुकीय तपासणीची पाळी येते. शुक्राणू शून्य असण्याला ‘अझूस्पर्मिया’ म्हणतात आणि सर्व पुरुषांत त्याचे प्रमाण साधारण १ टक्का आहे.

शून्य एकच, पण कारणे दोन

विहिरीला पाणी असून पाइपलाइन फुटलेली असू शकते किंवा मुळात विहीरच कोरडी असू शकते. शेवटी नळाला पाणी येत नाही, एवढेच दोन्हीकडे सारखे. अझूस्पर्मियातही डॉक्टर आधी हाच फरक शोधतात.

पाइपलाइनच्या प्रकारातला एक जनुकीय दोष म्हणजे जन्मतःच दोन्ही शुक्रवाहिन्या नसणे. अंडकोषात शुक्राणू उत्तम तयार होतात, पण बाहेर यायला वाट नाही. अनुभवी डॉक्टरला हे नुसत्या बोटांच्या तपासणीत कळते. वीर्याचे प्रमाण कमी आणि आम्लधर्मी असते, ही दुसरी खूण. यातल्या बहुतेकांमध्ये सीएफटीआर या जनुकात बिघाड सापडतो. याच जनुकाच्या दोन्ही प्रती गंभीररीत्या बिघडल्या तर ‘सिस्टिक फायब्रोसिस’ हा फुप्फुसे आणि पचनसंस्थेचा आजार होतो. या पुरुषांत अंडकोषातून सुईने शुक्राणू सहज मिळतात आणि मूल होण्याची शक्यता चांगली असते. मात्र त्याआधी बायकोच्या सीएफटीआर जनुकाची तपासणी व्हायला हवी, कारण तीही वाहक निघाली तर होणाऱ्या बाळाला तो आजार होऊ शकतो. यातल्या काहींना जन्मतः एकच मूत्रपिंड असते, म्हणून पोटाची सोनोग्राफीही करतात.

कोरड्या विहिरीच्या प्रकारात सर्वाधिक आढळणारा गुणसूत्रदोष आहे क्लाइनफेल्टर सिंड्रोम. पुरुषाला एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते, यांना एक एक्स जादा असतो. एकूण गुणसूत्रे ४६ ऐवजी ४७. अमेरिकी डॉक्टर हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले आणि जादा एक्सचा उलगडा १९५९ मध्ये स्कॉटलंडमध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी केला. दर ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. तरी बहुतेकांना त्याचा पत्ता लग्नानंतर, मूल होत नाही तेव्हाच लागतो आणि अनेकांना कधीच लागत नाही. उंच बांधा, लहान व घट्ट अंडकोष, कधी छातीची किंचित वाढ, एवढीच चिन्हे. हे निदान केवळ अपत्यासाठी महत्त्वाचे नाही. या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याने हाडे ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो. त्यावर उपचार आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेत यांच्यापैकी ४० ते ५० टक्के जणांच्या अंडकोषात थोडे शुक्राणू सापडतात. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू केले की ही शक्यता घटते, म्हणून मूल हवे असेल तर शुक्राणूंचा शोध आधी आणि इंजेक्शन नंतर.

काहींमध्ये गुणसूत्रांची संख्या बरोबर असते, पण दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात. अशा पुरुषाला स्वतःला काहीच त्रास नसतो, शुक्राणूही असतात. बायकोचे गर्भ मात्र पुन्हा पुन्हा पडतात आणि दोष तिच्या पिशवीला दिला जातो. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यात दोघांची गुणसूत्रतपासणी सांगितली जाते, ती यासाठी.

वाय गुणसूत्रातला हरवलेला तुकडा

या विषयातली खरी गुंतागुंत आणि उपचाराच्या निर्णयावर थेट परिणाम करणारी माहिती वाय गुणसूत्रात आहे. इटलीतल्या टिएपोलो आणि झुफार्डी या संशोधकांनी १९७६ मध्ये ११७० पुरुषांची गुणसूत्रे तपासली. सहा जणांच्या वायच्या लांब भुजेचे टोक गायब होते आणि त्या सहाही जणांमध्ये शुक्राणू शून्य होते. या टोकाकडच्या भागात शुक्राणूनिर्मितीची सूचना देणारे काहीतरी असावे, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. या भागाला ‘एझेडएफ’ म्हणजे अझूस्पर्मिया फॅक्टर असे नाव पडले आणि त्याचे ए, बी, सी असे तीन पट्टे मानले जातात.

तुकडा हरवतो कसा? इतर गुणसूत्रे जोडीने असतात, एकात चूक झाली तर दुसऱ्याकडे पाहून दुरुस्ती करता येते. वाय एकटा आहे. त्याने ही अडचण सोडवली ती स्वतःचाच मजकूर उलटसुलट लिहून ठेवून. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, तशी लांबच लांब आरशातली प्रतिमा वायमध्ये पुन्हा पुन्हा येते. एका प्रतीत चूक झाली तर दुसरीवरून दुरुस्त होते. पण सारखे दिसणारे दोन दूरचे भाग चुकून एकमेकांना चिकटले, तर मधला सगळा मजकूर गळून पडतो. सी पट्ट्यात अशा प्रती फार आहेत, म्हणून तोच सर्वाधिक तुटतो. वायचा हा मजकूर इतका चकवा देणारा आहे, की त्याची सहा कोटींहून अधिक अक्षरे सलग वाचून काढायला ऑगस्ट २०२३ उजाडावा लागला.

अझूस्पर्मिया असलेल्यांपैकी दहातल्या एकाच्या आसपास पुरुषांत असा तुकडा हरवलेला सापडतो. कोणता पट्टा हरवला यावर पुढचे सगळे ठरते. सी पट्टा नसेल तर काहींच्या वीर्यात थोडे शुक्राणू असतात आणि शून्य असले तरी शस्त्रक्रियेत निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांमध्ये मिळतात. ए किंवा बी पट्टा पूर्ण गेला असेल तर अंडकोष उघडून कितीही शोधले तरी शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिथे शस्त्रक्रिया करूच नये, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता समजा, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण आहे. अहवाल शून्य. त्याला सांगितले गेले, ‘ऑपरेशन करून पाहू, मिळाले तर त्याच दिवशी इक्सी करू.’ त्याच दिवशी करायचे म्हणजे बायकोला दहा-बारा दिवस आधीपासून इंजेक्शने आणि भूल देऊन बीजांडे काढणे आलेच. पतपेढीचे कर्ज काढून हे सारे झाले आणि अंडकोषात काही सापडले नाही. नंतर वायची तपासणी केली, तर ए पट्टा गायब. रक्ताची एक नळी आधी दिली असती तर यातले काहीच करावे लागले नसते. या क्रमाचा आग्रह रुग्णाने स्वतः धरला तरी चालेल. ‘ऑपरेशनच्या आधी गुणसूत्रांची आणि वायची तपासणी झाली का?’ एवढा एक प्रश्न पुरे.

वडिलांना चार मुले, मग दोष आनुवंशिक कसा?

घरात हा प्रश्न हमखास निघतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे की जनुकीय दोष म्हणजे घराण्यातून आलेलाच दोष, असे नाही. वायचा तुकडा बहुतेक वेळा वडिलांचे शुक्राणू तयार होताना नव्याने हरवतो. वडिलांचा स्वतःचा वाय शाबूत असतो, भावांचाही असतो, या एका मुलाच्या वाट्याला तुटलेली प्रत येते. क्लाइनफेल्टरमधला जादा एक्ससुद्धा असाच अपघाताने येतो. आईच्या बीजांडातून येतो, तितक्याच प्रमाणात वडिलांच्या शुक्राणूतूनही.

दुसरी वाट आईकडून येते. पुरुषाला त्याचा एकमेव एक्स आईकडून मिळतो. शुक्राणूनिर्मितीसाठी लागणारी काही जनुके, उदाहरणार्थ टेक्स-११, एक्सवर आहेत. आईत दुसरा एक्स निरोगी असल्याने तिला काहीच होत नाही, मुलाला मात्र दुसरी प्रत नसते. अशा घरात मामालाही मूल नसल्याचे कधी आढळते, पण ‘मामाकडून आले’ असे कोणाच्या डोक्यात येत नाही.

तिसरी वाट नात्यातल्या लग्नाची. सिकलसेलच्या तपासणीमुळे आदिवासी तालुक्यांत ‘वाहक’ हा शब्द आता ओळखीचा झाला आहे. तेच गणित इथे लागते. आई-वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तर त्यांना काही होत नाही, अपत्याला दोन्ही प्रती सदोष मिळू शकतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या कुटुंबांत ही शक्यता वाढते. शुक्राणूंचे डोके पूर्ण गोल असणे किंवा शेपटी आखूड, वेडीवाकडी असणे हे दोष पुष्कळदा या वाटेने येतात. अशांचा आकडा चांगला असतो, पण शुक्राणू कामाचे नसतात.

भारतीय पुरुषांत काय आढळले?

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात (सीसीएमबी) डॉ. के. थंगराज यांच्या गटाने या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. वंध्यत्व असलेल्या पुरुषांपैकी ३८ टक्क्यांमध्ये वायचा भाग गायब असणे किंवा इतर जनुकीय बिघाड असे दोष त्यांना आधीच्या अभ्यासांत आढळले होते. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न होता. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात त्यांनी ४७ पुरुषांच्या सर्व जनुकांचे महत्त्वाचे भाग वाचले, त्यातले संशयित बदल देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सुमारे १५०० वंध्य पुरुषांत पडताळले आणि आठ जनुके निश्चित केली. भारतीय पुरुषांच्या वंध्यत्वाशी त्यांचा संबंध त्याआधी ठाऊक नव्हता. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातल्या पुरुषांमध्ये वायच्या तुकड्यांचा शोध घेऊन २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे. तिच्या आणि शेजारच्या केईएम रुग्णालयाच्या कामातूनच ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी जन्मलेले टेस्ट ट्यूब बाळ देशाने पाहिले.

असे असले तरी आठ नवी जनुके सापडली म्हणून प्रत्येक रुग्णाने शेकडो जनुकांची महागडी चाचणी करून घेण्यात अर्थ नाही. त्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेले बदल भरपूर निघतात आणि त्यावरून उपचार बदलत नाहीत. आज निर्णयाला उपयोगी पडतात त्या मुख्यतः तीन तपासण्या : गुणसूत्रांची कॅरिओटाइप, वायच्या तुकड्यांची आणि शुक्रवाहिन्या नसतील तर सीएफटीआरची.

जनुकीय कारण म्हणजे उपाय नाहीच का?

असे मुळीच नाही, आणि काल्मन सिंड्रोम हे त्याचे सर्वात चांगले उदाहरण. यात मेंदूकडून अंडकोषाला काम सुरू करण्याचा निरोपच जात नाही. वयात येणे लांबते, दाढी येत नाही आणि सोबत वासही येत नाही. मोगऱ्याचा किंवा फोडणीचा वास येतो का, असा साधा प्रश्न विचारल्यावर कधी कधी निदान होते. कारण जन्मजात असूनही हार्मोन्सची इंजेक्शने काही महिने ते दोन वर्षे घेतल्यावर यातल्या बऱ्याच पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू येतात आणि नैसर्गिकरीत्याही गर्भ राहू शकतो. इतका उपचारक्षम आजार ‘शून्य आहे, डोनर घ्या’ एवढ्यावर संपवला जाऊ नये.

डोनरचा मार्ग वाईट आहे, असे नव्हे. ए किंवा बी पट्टा नसलेल्यांसाठी दाता शुक्राणू किंवा दत्तक हेच दोन रस्ते उरतात. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने दाता शुक्राणू फक्त नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात आणि दोघांची लेखी संमती लागते.

मुलाकडे काय जाते?

एकच शुक्राणू बीजांडात टोचण्याचे ‘इक्सी’ तंत्र १९९२ मध्ये ब्रसेल्समधून जगासमोर आले. त्याआधी सी पट्टा नसलेला पुरुष बहुधा निपुत्रिकच राहायचा आणि दोष तिथेच थांबायचा. आता त्याला मूल होते. मुलगी झाली तर तिला वाय मिळत नाही, प्रश्न संपला. मुलगा झाला तर वडिलांचा तोच तुटलेला वाय त्याला मिळतो. यावर ‘मग मुलीचाच गर्भ निवडू’ हा पर्याय सुचतो, पण भारतात लिंग निवडणे गुन्हा आहे. कायद्यातला लिंगसंलग्न आजारांचा अपवाद डॉक्टर आणि जोडप्याने आपापसांत वापरून टाकण्यासारखा नाही. ब्रसेल्सच्याच गटाने २०१६ मध्ये इक्सीने जन्मलेल्या पहिल्या पिढीतले १८ ते २२ वयाचे ५४ तरुण तपासले. त्यांच्या शुक्राणूंची संख्या नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या समवयस्कांच्या जवळपास निम्मी निघाली. हे तरुण आजारी नव्हते आणि केवळ एवढ्यासाठी कोणी इक्सी नाकारावे, असेही नाही. पण हे आधी सांगितले गेले पाहिजे. जनुकीय समुपदेशन म्हणतात ते हेच.

नाशिकमधून तपासणी कशी होते?

या तपासण्यांसाठी रुग्णाने प्रवास करायची गरज सहसा नसते. रक्त गावातच घेतले जाते आणि नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. कॅरिओटाइपसाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून ते रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेऊन दिवसभरात, फार तर दुसऱ्या दिवशी पोहोचायला हवे. पेशी तीन दिवस वाढवून मग गुणसूत्रे मोजतात, त्यामुळे अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. शनिवारी दुपारी रक्त देऊन नमुना सोमवारपर्यंत पडून राहिला तर पेशी वाढत नाहीत आणि पुन्हा बोलावणे येते. आठवड्याच्या सुरुवातीला रक्त द्यावे, हे उत्तम. वायच्या तपासणीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जाते, ते टिकते. अहवाल समजून घ्यायला मुंबईच्या तज्ज्ञाकडे जायचे असेल तर नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून परळ असा एका दिवसाचा प्रवास पुरतो. जाताना वीर्यतपासणीचे सगळे जुने अहवाल न्यावेत आणि नवरा-बायको दोघांनीही जावे.

जनुके बदलत नाहीत, त्यामुळे या तपासण्या आयुष्यात एकदाच कराव्या लागतात. नव्या दवाखान्यात पुन्हा सांगितल्या तर जुना अहवाल दाखवता येतो. सी पट्टा नसलेल्या काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या वर्षागणिक घटत जाते, म्हणून वीर्यात आज थोडे जरी शुक्राणू असले तरी ते गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. इक्सीने मुलगा झाला असेल तर ही फाईल त्याच्याही उपयोगाची आहे. तो विशी गाठेल तेव्हा त्याची वीर्यतपासणी करून, लागले तर शुक्राणू गोठवून ठेवता येतात. लग्नाचे बोलणे निघण्याच्या बरेच आधी.